उंटिणीचं बटण

कारखान्यात तिला सगळ्या जणी उंटीण म्हणायच्या. अगदी तोंडावर म्हणायच्या, आणि तिला त्याचा राग यायचा नाही. उलट मान थोडी आणखी ताठ व्हायची. सकाळी मशीनवर बसली की दुपारी डबा खायला उठायची, आणि त्यानंतर थेट घरी जायला. मधे पाण्याचं नाव नाही. डबा खाताना घोटभर, तेही घास अडकला तर. घरून निघताना एकदा आणि घरी पोचल्यावर एकदा, एवढाच तिचा देहधर्म. तेवढ्यावर बाई दिवसभर शर्टांच्या कॉलरी बसवायची, आणि अशा बसवायची की नुसतं टोक पाहून मालक म्हणायचा, ही तिच्या हातची.

आता कुणी विचारेल, पाणी प्यायला काय धाड भरली होती? तर त्याचं उत्तर त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं.

पहिल्या मजल्यावरचा तो लांबलचक हॉल. एका अंगाला बायकांच्या मशीन रांगेने मांडलेल्या. पार पलीकडे कापड कापायचं भलंमोठं टेबल, तिथे सगळे पुरुष. आणि त्या टेबलाच्या मागे बायकांची बाथरूम. फार पूर्वी कुणीतरी तिथला नळ रात्रभर उघडा ठेवून गेली, पाणी झिरपून खालच्या गोदामातल्या तयार शर्टांवर गेलं, आणि मालकाने बाथरूमला कुलूप लावलं. किल्ली सुपरवायझरकडे. ती किल्ली एकदोनदा कुणाच्या तरी पिशवीतून घरी गेली, म्हणून सुपरवायझरने डोकं लढवून ती कापड मोजायच्या लांब लाकडी पट्टीला बांधून टाकली. झालं. त्या दिवसापासून जिला जायचं असेल तिने सुपरवायझरकडे किल्ली मागायची, ती दोन हात लांब पट्टी उचलायची आणि सगळ्या हॉलमधून पुरुषांच्या टेबलासमोरून मिरवत जायचं. बायकांनी तिचं नाव ठेवलं झेंडा. "झेंडा कुणाकडे आहे गं?" एवढं म्हटलं की समजायचं.

कटिंगवाले वाईट नव्हते. ते कधी कुणाला एक शब्द वावगा बोलले नाहीत. पण झेंडा घेऊन एखादी टेबलाजवळ आली की त्यांच्या कात्र्या थांबायच्या. सगळ्यांच्या, एकदम. ती आत जाऊन दार लावेपर्यंत शांतता. त्या शांततेपेक्षा कुणी शिटी मारली असती तर परवडलं असतं. निदान चप्पल तरी दाखवता आली असती. शांततेला काय दाखवणार? शिवाय मजुरी नगावर. उठलं की नग बुडाला. तेव्हा लाज नको आणि नुकसानही नको, म्हणून पाणीच नको, असा सरळ मार्ग बायकांनी काढला होता.

आणि या मार्गावर सगळ्यांच्या पुढे उंटीण. बटणाची युक्ती तिचीच. शर्टाचं एक बटण जिभेखाली ठेवायचं, म्हणजे तोंडाला पाणी सुटत राहतं. नवी बाई कामावर आली की पहिल्या दिवशी उंटीण तिच्या मशीनपाशी जायची, तिच्या तळहातावर एक बटण ठेवायची आणि शाळेतल्या बाईंसारखी समजावून सांगायची.

"चार भोकांचं आहे बघ. दोन भोकांचं घेऊ नकोस, जिभेला टोचतं. हे तोंडात असलं ना, की तहानेला वाटतं आपलं काम झालं. मुकाट्याने परत जाते."

ते बटण हातात पडलं की नवी बाई हॉलची झाली. हा मान उंटिणीचा होता आणि तो तिला प्रिय होता. तिचं स्वतःचं बटण तर इतकं जुनं की त्याची चारही भोकं झिजून एकमेकांना भिडायला आली होती. ते तोंडात आहे की नाही हे तिलाही आठवत नसे. आपला एखादा दात आठवतो का कुणाला?

बाकी दुखणीखुपणी होतीच. संध्याकाळी ट्यूबलाइट लागले की उंटिणीच्या डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू व्हायचा. तिला घड्याळ बघावं लागत नसे. डोकं चढलं की सुटायची वेळ झाली. आणि उन्हाळी तर सगळ्यांनाच लागायची. लघवीला आग व्हायची, ओटीपोट दुखायचं. कुणी म्हणायची उष्णता, कुणी म्हणायची लोखंडी स्टूल, आणि एक जण तर म्हणायची हे सगळं माझ्या सासूमुळे. पण सगळ्यांनाच होतं म्हटल्यावर ते दुखणं कसलं? सुई बोटाला लागते तसंच हे, कामाचा भाग. आजारी ती, जी कामावर येत नाही.

अशा त्या हॉलमध्ये उंटिणीची सून आली.

सून आधी रोपवाटिकेत कामाला होती. झाडांना पाणी घालता घालता नळीलाच तोंड लावायची सवय. उन्हात राबून रंग रापलेला, पण अंगाने टणटणीत, आणि हसली की खोलीभर हसायची. रोपवाटिका बंद पडली, उंटिणीचा मुलगा घरांना रंग द्यायचा, त्याचं काम कधी असायचं कधी नसायचं, तेव्हा सासूनेच सुपरवायझरकडे शब्द टाकून तिला आपल्या शेजारच्या मशीनवर बसवलं. पहिल्याच दिवशी पोरीने जेवायच्या आत दोनदा झेंडा मागितला. हॉलमध्ये खसखस पिकली.

"काय गं उंटिणी, सून कुठल्या तळ्यातून आणलीस?"

उंटिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी घरी जाताना तिने पर्स उघडून सुनेसाठी खास जपून ठेवलेलं बटण काढलं, शिंपल्यासारखं चकाकणारं, आणि तिच्या हातावर ठेवलं.

"माझं नाव आहे तिथे, पोरी. जरा सांभाळ."

सुनेने सांभाळलं. सासूवर तिचा जीव होता, आणि सासूचंही तिच्यावाचून पान हलत नव्हतं. महिन्याभरात पोरगी अशी तयार झाली की सगळ्या म्हणायला लागल्या, उंटिणीला वारस मिळाली. उंटिणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरीचं खोलीभर हसणं कमी झालंय, हे तिच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी ती म्हणाली असती, रुळली.

मग सुनेला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. मुलाने त्या आनंदात दोन्ही खोल्यांना फुकटचा रंग काढला, तोही अशा पोपटी छटेत की रात्री दिवा लावायची गरज वाटू नये. आणि चौथा महिना सरत असताना एका सुट्टीच्या दिवशी सून अंथरुणातून उठलीच नाही. अंगात फणफणून ताप, थंडी वाजून दातांवर दात आपटत होते, आणि कंबरेच्या वर एका बाजूला असं दुखत होतं की हात लावू देईना. रिक्षा करून दोघी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहानच होत्या, पण बोलायला मोकळ्या. नाडी पाहिली, कंबर दाबून पाहिली, लघवी तपासायला पाठवली. मग म्हणाल्या, "जीभ दाखवा."

सुनेने तोंड उघडलं. जिभेखाली बटण चमकलं.

"गोळी गिळली नाहीत का अजून?" असं म्हणत त्यांनी वाकून पाहिलं आणि चार भोकं दिसल्यावर मागे सरल्या. "हे काय आहे?"

"बटण आहे, डॉक्टर," उंटीण कौतुकाने म्हणाली. "तहान लागत नाही त्याने."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आज्जी, तुम्ही पण जरा तोंड उघडा बघू."

उंटिणीने उघडलं. सुट्टीचा दिवस, समोर ना मशीन ना मालक, आणि तरी जुनं झिजलेलं बटण आपल्या जागेवर बसलेलं. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे शिकवलं कुणी हिला?"

उंटीण तोंड उघडणार, तेवढ्यात तापाने लाल झालेली सून म्हणाली, "कुणी नाही. लहानपणापासूनची सवय आहे मला."

त्या एका खोट्याने उंटिणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पोरीने रागावून बोल लावला असता तर ती भांडली असती, भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण ही पोर तापात फणफणतानाही सासूचं नाव सांभाळत होती. उंटिणीने मान खाली घातली आणि सगळं खरं सांगितलं. कुलूप, पट्टी, कात्र्या, सगळं.

डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी समजावलं. पाणी कमी, त्यात रोखून धरणं, म्हणून जंतू वर चढले आणि मूत्रपिंडापर्यंत पोचले. आत्ता औषधाने उतरेल. पण परत असा ताप आला तर पोटातल्या बाळाला धोका, ते वेळेच्या फार आधी होऊ शकतं. दिवसभर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं, रोखायचं नाही.

"गोळ्या मी देते," त्या म्हणाल्या. "पण त्या बाथरूमची किल्ली काही माझ्याकडे नाही. ती तुम्हालाच आणायला लागेल."

ताप उतरला. "बाळ होईपर्यंत घरीच बस," असं उंटिणीने सांगून पाहिलं, पण मुलाला महिनाभर काम नव्हतं आणि घरभाडं काही पोपटी रंग पाहून थांबणार नव्हतं. सून कामावर परत आली, सोबत पाण्याची मोठी बाटली. उंटीण कॉलरीवरून नजर काढून मिनिटामिनिटाला बाटलीकडे बघायची. बाटली भरलेलीच.

"पी ना गं."

"पिते."

"कधी?"

सुनेने सुईवरची नजर न काढता हळूच म्हटलं, "आई, इथे कुणी उठत नाही. तुम्ही उठत नाही. मी एकटी किती वेळा जाऊ? कात्र्या थांबल्या की पाय उचलतच नाहीत माझे."

रात्री मुलगा घोरत होता, सून कूस बदलत होती, आणि ती पोपटी भिंतीकडे बघत पडली होती. हे सगळं आपण उभं केलंय, हे तिला कळून चुकलं. मालकाने कुलूप लावलं खरं, पण न उठण्यात मोठेपणा असतो हे तर तिनेच शिकवलं होतं, एकेकीच्या हातावर बटण ठेवून. आता तिची सून त्या मोठेपणाच्या ओझ्याखाली दबली होती, आणि सुनेच्या पोटात तिचं नातवंड.

दुसऱ्या दिवशी तिने एक चाल केली. मधल्या वेळेत उठून सुपरवायझरसमोर उभी राहिली आणि झेंडा मागितला. सुपरवायझरच्या हातातला चहा हिंदकळला. सगळ्या बघतायत, कात्र्या थांबल्यायत, आणि उंटीण पट्टी खांद्यावर टाकून शिपायासारखी गेली. आत काही काम नव्हतंच. भिंतीच्या फरशीवरचे डाग बघत थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. मोठं मैदान मारल्यासारखी सुनेकडे बघून म्हणाली, "गेले की नाही? आता पी."

सुनेने सासूच्या बाटलीकडे बोट केलं. "आई, तुमची बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे. कुणाला फसवताय?"

उंटीण चिडली. चिडली म्हणजे पार टाळकं सडकलं. दोन कॉलरी उलट्या बसवल्या, त्या उसवाव्या लागल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. जेवण झाल्यावर तिने मशीन बंद केली, बाटलीचं झाकण काढलं, आणि कडू काढा घ्यावा तसे डोळे मिटून बाटली तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायली. चौथ्या की पाचव्या घोटाला घशातून काहीतरी टणक सरकलं. तिने जिभेखाली चाचपलं. जागा रिकामी.

"अगं बाई! गेलं!"

"काय गेलं?" सून दचकून उठली.

"बटण गिळलं गं मी!"

मशीन पटापट बंद झाल्या. बायका धावल्या. कुणी पाठीवर थोपटलं, कुणी श्वास घेता येतोय का ते विचारलं, सुपरवायझर नुसताच या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहिला. श्वास व्यवस्थित होता. बोलणं तर जरा जास्तच व्यवस्थित होतं. कटिंगमास्तर, वयाने सगळ्यांत मोठे, कपाळावर चष्मा, टेबलामागून आले आणि म्हणाले, "घाबरू नका. पाणी पाजा. भरपूर पाजा. वाहून जाईल." हा कुठल्या वैद्यकाचा सल्ला होता की कपडे धुतानाचा अनुभव, कोण जाणे. पण ज्या हॉलमध्ये पाणी टाळण्यात बायकांचा जन्म गेला होता तिथे चारी बाजूंनी बाटल्या आल्या.

"हा एक माझ्याकडून घे."

"उंटिणी, पी! घोट मोठा घे!"

"बस झालं गं, पोटात तळं झालं," उंटीण हात जोडायला लागली. तेव्हा सुनेने आपली बाटली उघडली. "आई, एक घोट तुम्ही, एक घोट मी." आणि ती प्यायली. सासूने घ्यायचा, सुनेने घ्यायचा, सासूने, सुनेने. दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या तेव्हा हॉलमध्ये अशी काही हसण्याची लाट आली होती की बाकीच्या जणींनीही उरलेलं आपापल्या घशात ओतलं.

पुढे काय व्हायचं ते झालं. उंटिणीने स्टूल मागे सारलं. "झेंडा द्या," ती म्हणाली, आणि या वेळी तिला खरोखर थांबायला वेळ नव्हता.

पुढे पट्टी घेऊन सून, मागे उंटीण. टेबल आलं आणि सवयीप्रमाणे कात्र्या थांबल्या. घाई होती तरी उंटीण तिथे उभी राहिली. आता गिळायला बटणही नव्हतं.

"का हो मास्तर, कात्र्या का थांबतात तुमच्या? लघवीला चाललोय आम्ही. तमाशा आहे का?"

मास्तरांचे कान लाल झाले. "अहो बाई, ती पट्टी! पट्टी टेबलाला लागते. कापडाचे थर सरकले की अख्खी थप्पी वाकडी कापली जाते. म्हणून आम्ही कापड धरून थांबतो, तुम्ही पुढे जाईपर्यंत."

एवढी वर्षं! एवढी वर्षं बायका घसा कोरडा करून बसल्या, का, तर एका पट्टीसाठी. आता सगळेच कटिंगवाले कापडाकडेच बघत होते असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही; माणसंच ती. पण त्या क्षणी ते सगळे खाली मान घालून उभे होते, आणि मास्तरांना तर कुठे तोंड लपवू असं झालं होतं. त्यांनी सुनेच्या हातातली पट्टी घेतली, कात्रीने दोरी कापली, किल्ली उंटिणीच्या हातात दिली आणि पट्टी टेबलाखाली भिरकावली.

सुपरवायझर पाठोपाठ आला. "अहो, पण मालक काय म्हणतील?"

"मालकाला मी बघते," उंटीण म्हणाली. "आधी वाट सोड."

मालकाशी बोलायची वेळ दोन दिवसांनी आली. तिने सरळ सांगितलं: पोटुशी सून आहे, डॉक्टरांनी असं असं सांगितलंय, कुलूप राहणार असेल तर आम्ही दोघी उद्यापासून येत नाही, कॉलरी तुमच्या तुम्ही बसवा. मालकाने नळाचं गाऱ्हाणं काढलं. त्यावर मास्तर म्हणाले, दाबलं की पाणी येतं आणि सोडलं की बंद होतं असा नळ मिळतो, मी बसवून देतो. एवढ्यावर इतक्या वर्षांचं कुलूप निघालं. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती कुणाला सुचली नव्हती, कारण कुणी मोठ्याने बोललंच नव्हतं.

सगळं काही एका दिवसात बदललं नाही. दोघीतिघी अजून बटण ठेवतात, सवय आहे म्हणतात. गिळलेल्या बटणाचं काय झालं हे सभ्य माणसाने विचारू नये. पण सुनेला पुन्हा ताप आला नाही. एका संध्याकाळी सगळ्या पिशव्या आवरायला लागल्या तरी उंटीण शिवतच होती. "घरी जायचं नाही का?" असं शेजारणीने विचारल्यावर तिने वर पाहिलं. ट्यूबलाइट केव्हाच लागले होते. डोकं ठणकलंच नव्हतं, तर तिला कळणार कसं?

सुनेला पूर्ण दिवसांनी मुलगी झाली. गुटगुटीत, आणि रडली की तिच्या आईच्या हसण्यासारखी, खोलीभर. सून काही महिने घरी राहिली. उंटीण कामावर जात राहिली आणि बाटल्या रिकाम्या करत राहिली, पण औषधासारख्या, सुनेला शब्द दिला होता म्हणून. तहान अशी तिला लागत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लागेल, धीर धरा.

एक दिवस बाटली घरीच विसरली. दुपारी कॉलरीचं टोक वळवताना तिचा हात थांबला. जीभ टाळूला चिकटत होती. जीव कसनुसा झाला होता, कामात लक्ष लागेना. तिने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

"अगं, मला काहीतरी होतंय," ती शेजारणीला म्हणाली. "घसा नुसता कोरडा पडलाय. सारखं ते पाण्याचं पिंप डोळ्यासमोर येतंय."

शेजारणीने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "उंटिणी, तहान लागलीय तुला!"

उंटीण उठली. हॉलच्या पलीकडे टेबलाजवळच्या पिंपापाशी गेली, ग्लास भरून प्यायली, आणखी एक भरला. कात्र्या चालूच होत्या.

घरी गेल्यावर चपला काढायच्या आधीच तिने सुनेला गाठलं. सून बाळाला पाजत बसली होती, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या.

"पोरी, आज मला तहान लागली. खरीखुरी."

"हो? मग?"

उंटीण दारातच बसली. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं.

"पाणी गोड लागलं गं," ती म्हणाली. "पाणी इतकं गोड असतं, हे विसरूनच गेले होते मी."

सुनेने तांब्या तिच्याकडे सरकवला.